पानाच्या शिरांची ग्रॅफाइट प्लेट: घ्यावी कुणी, टाळावी कुणी

पीईएम फ्युएल सेल म्हणजे पातळ पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हवा देऊन वीज करणारा सेल. त्याच्या कॅथोडवर, म्हणजे हवेच्या बाजूला, फाटे फुटत जाणाऱ्या चॅनलांतून हवा पसरवणारी ही प्लेट २५ चौरस सेंटिमीटरच्या सेलसाठी ऑर्डरप्रमाणे सीएनसीवर (संगणकचलित यंत्रावर) कोरून मिळते. दिसते देखणी. पण पैसे मोजण्याआधी एकच ठरवा: सेलला हवा कोरडी देणार की दमट?

चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर आणि स्टॉइकिओमेट्री २ (म्हणजे नेमक्या गरजेच्या दुप्पट हवा) धरली, तर या सेलला मिनिटाला साधारण ८३० मिली हवा लागते आणि तासाला ८.४ ग्रॅम पाणी तयार होतं. सर्पाकृती प्लेटमध्ये वाट एकच असल्याने थेंब अडकला की मागचा दाबच त्याला ढकलतो. त्याचा भार पडतो हवा ढकलणाऱ्या ब्लोअरवर. शिरांसारख्या फांद्यांच्या या प्लेटमध्ये ब्लोअरवरचा भार सुटतो, पण एक फांदी बुजली की हवा शेजारून निघून जाते आणि थेंब जागचा हलत नाही. लंडनच्या यूसीएल विद्यापीठातल्या फुप्फुसाच्या धर्तीवरच्या प्लेटचंही (२०१८) तेच झालं. ५० आणि ७५ टक्के आर्द्रतेला, चौरस सेंटिमीटरला ०.८ अँपिअरच्या वर, चार पिढ्यांच्या (चार टप्प्यांत फुटत गेलेल्या) फांद्या सर्पाकृतीपेक्षा २० ते ३० टक्के सरस ठरल्या. १०० टक्के आर्द्रतेला पाणी तुंबलं.

फाटे ‘मरेच्या नियमाप्रमाणे’ (फाट्यागणिक नळी किती बारीक व्हावी, हे सांगणारा नियम) असं विकणाऱ्याने सांगितलं, तर चॅनलची खोली विचारा. दर फाट्याला व्यास ०.७९ पट, हा नियम गोल नळीचा. इथे सगळे चॅनल सरसकट १ मिमी खोल आणि रुंदीच तेवढी १ वरून ०.७९, म्हणजे हायड्रॉलिक व्यास (चौकोनी चॅनलचा गोल नळीशी तुल्य व्यास) ०.८८ वरच अडकतो. खोलीही उतरवून मागा. महाग पडेल, पण नाहीतर ती नुसती नक्षी.

प्लेट हातात आली की फाटे फुटतात त्या बेचक्यांवर भिंग धरा. चौथ्या फाट्यानंतर रुंदी ०.४ मिमी उरते. तिथे ग्रॅफाइटचे टवके उडतात आणि काळी भुकटी कोपऱ्यात बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन कोरडी हवा मारा. जीडीएल (प्लेटला टेकणारा, वायू झिरपू देणारा कार्बनचा थर) २३५ मायक्रॉनचा असेल तर कडेने गळती रोखणारं, न दबणारं गॅस्केट साधारण १८० मायक्रॉनचं. त्याहून पातळ घातलं, तर जीडीएल आधी रुंद मुख्य शिरेत फुगून वाट अडवतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा.

५० ते ७५ टक्के आर्द्रतेला सेल चालवणाऱ्यांनी जरूर घ्यावी. पूर्ण दमट सेलला सर्पाकृतीच बरी. ॲनोडला, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूला, हिची जोडी घेऊ नका: स्टॉइकिओमेट्री १.५ ला हायड्रोजन मिनिटाला जेमतेम २६० मिली, तो इतक्या फांद्यांत वाटला की वेगच उरत नाही.