रांग चुकवण्यासाठी पैसे मोजावेत का? सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजचा एक्सप्रेस पास

सिंगापूरची सहल ठरली, विमानाची तिकिटे आणि हॉटेल मार्गी लागले, की घरात एक प्रश्न हमखास निघतो: सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये नुसते प्रवेशाचे तिकीट काढायचे, की वर आणखी पैसे भरून एक्सप्रेस पासही घ्यायचा? चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी ही रक्कम किरकोळ नाही. पासची किंमत तारखेनुसार बदलते. गर्दीच्या दिवसांत ती प्रवेशाच्या तिकिटाच्या आसपास जाते आणि अमर्याद फेऱ्यांचा पास त्याहूनही महाग पडतो, म्हणजे त्या एका दिवसाचा खर्च दुप्पट होतो. माझे मत आधीच सांगते. हा पास सरसकट सगळ्यांनी घेण्यासारखा नाही. मात्र ठरावीक तारखांना आणि कुटुंबातील ठरावीक माणसांसाठी तो आपली किंमत पुरेपूर वसूल करून देतो.

साध्या एक्सप्रेस पासवर यादीतील प्रत्येक राइडला एकदा वेगळ्या प्रवेशद्वाराने जाता येते, तर 'अनलिमिटेड' पासवर तीच राइड हवी तितक्या वेळा करता येते. पास घेतला म्हणजे थेट गाडीत जाऊन बसलो, असे मात्र होत नाही. दोन्ही रांगा राइडच्या थोड्या अलीकडे एकत्र येतात आणि त्या जागी काय घडते ते पाहिले की या व्यवहाराचे स्वरूप लख्ख कळते. तिथे एक कर्मचारी उभा असतो. एक्सप्रेसच्या बाजूने घोळका आला की तो साध्या रांगेपुढे हात आडवा धरतो, पासवाल्यांना आत सोडतो, मग साध्या रांगेतील मोजकी माणसे सोडतो आणि हात पुन्हा आडवा होतो. राइडमधून ताशी किती माणसे जाऊ शकतात हे यंत्रानेच ठरवून दिलेले असते आणि पास विकल्याने त्यात एका माणसाचीही भर पडत नाही. पासवाल्याची जी मिनिटे वाचतात, ती साध्या रांगेतील कोणाच्या तरी वाट्याला जातात. शिवाय पासवाले वाढले की त्यांचीही रांग लागतेच. तिरुपतीला 300 रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन घेतलेल्यांना हा अनुभव नवा नाही; ती रांग सर्वदर्शनाच्या रांगेपेक्षा लहान असते, पण असते रांगच.

या उद्यानात पासचा खरा उपयोग चार-पाच राइडपुरताच आहे. साय-फाय सिटी विभागातील बॅटलस्टार गॅलॅक्टिका हा दोन रुळांचा रोलरकोस्टर त्यांत पहिला. त्याच्या लाल रुळावर आपण नेहमीसारखे बसून जातो आणि निळ्या रुळावर पाय अधांतरी सोडून लटकत जातो. 2013 साली तो बंद ठेवण्यात आला आणि 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा एका ओळीत चारऐवजी दोनच आसने असलेल्या गाड्या आल्या. साहजिकच एका फेरीत जाणारी माणसे कमी झाली आणि रांग लांबली. त्याच विभागातील ट्रान्सफॉर्मर्स ही सर्वांत लोकप्रिय राइड. इजिप्त विभागातील 'मम्मी'चा अंधारातला रोलरकोस्टर आणि फेब्रुवारी 2025 मध्ये उघडलेला मिनियन लँड हा नवा विभागही गर्दी खेचतात. डायनोसॉरच्या विभागातील कॅनोपी फ्लायर दिसायला साधा आहे, पण त्यातून एका वेळी मोजकीच माणसे जातात, त्यामुळे समोर जेमतेम पन्नास माणसे दिसत असली तरी रांग मुंगीच्या पावलाने सरकते. याउलट वॉटरवर्ल्डसारख्या कार्यक्रमांना प्रेक्षागृह मोठे असते आणि पंधरा-वीस मिनिटे आधी गेले की चांगली जागा मिळते. त्यासाठी पासाची गरज पडत नाही. तुमच्या घरचे लोक यांपैकी एकाही मोठ्या राइडमध्ये बसणार नसतील, तर पासचा विचार इथेच सोडून द्यावा.

आता तारखा. मराठी घरांच्या दृष्टीने मला ही बाब सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि सिंगापूरच्या शाळांच्या सुट्ट्या पूर्णपणे जुळत नाहीत. तिथली मधली मोठी सुट्टी साधारण मेच्या अखेरीस सुरू होऊन जूनभर चालते, तर वर्षअखेरीची सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबर संपेपर्यंत असते. आपल्याकडे मुले मेच्या सुरुवातीलाच मोकळी झालेली असतात. म्हणजे मेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात, सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस निवडला, तर पासाशिवायही बहुतेक राइड होतात. 1 मे हा तिथेही सुट्टीचा दिवस आहे आणि त्याच सुमारास चीनमध्येही सलग सुट्ट्या असतात, म्हणून तो आठवडा टाळावा. वैशाखी पौर्णिमेची सार्वजनिक सुट्टीही दिनदर्शिकेत पाहून घ्यावी. दिवाळीच्या सुट्टीचे गणितही असेच आहे. दिवाळीचा एक दिवस सिंगापुरातही सार्वजनिक सुट्टी असते, तो सोडला तर भाऊबीजेनंतरचे आठवड्यातले दिवस बहुतेक वर्षी तिथल्या वर्षअखेरीच्या सुट्टीच्या आधी येतात. याउलट नाताळच्या आठवड्यात किंवा जूनमधल्या शनिवारी जाणार असाल, तर मोठ्या राइडच्या, थांबण्याची वेळ दाखवणाऱ्या फलकावर तासाच्या पुढचे आकडे पाहण्याची तयारी ठेवावी लागेल. अशा दिवशी एक्सप्रेस पासाला पर्याय नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन.

पास कोणासाठी घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा उंची मोजण्याच्या पट्टीपाशी मिळते. ट्रान्सफॉर्मर्ससाठी किमान 102 सेंटिमीटर, जुरासिक पार्कच्या पाण्यातल्या राइडसाठी 107, मम्मीसाठी 122 आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकासाठी 125 सेंटिमीटर उंची लागते. सहा-सात वर्षांची कितीतरी मुले शेवटच्या दोन्ही राइडच्या दारातून परत फिरतात. बूट घट्ट करून, मान ताणून, टाचा जमेल तितक्या वर करत एक मुलगी पट्टीखाली उभी राहते. कर्मचारी हसून तिच्या खांद्यावर हात ठेवतो, टाचा खाली येतात आणि डोके रेषेच्या दोन बोटे खाली राहते. आईवडिलांनी तिच्यासाठी पास घेतलेला असेल, तर त्यातला मोठा हिस्सा त्या क्षणी वाया गेलेला असतो. आजी-आजोबांचेही तसेच. पाठीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना या राइड करता येत नाहीत आणि ते बहुधा नातवंडांसोबत सावलीत थांबतात. तरीही "सगळ्यांचे एकदमच काढून टाकू" म्हणून सहा जणांचे सहा पास काढले जातात. असे करू नये. पास प्रत्येक माणसाचा स्वतंत्र असतो, त्यामुळे आईवडील आणि थोरला मुलगा यांच्यापुरते तीन पास घेणे अगदी योग्य ठरते. निघण्यापूर्वी घरीच भिंतीशी उभे करून मुलांची उंची मोजावी. या तयारीला एक पैसाही लागत नाही आणि तिने बरेच पैसे वाचतात.

पावसाची बाजू विक्रीच्या पानावर ठळकपणे दिसत नाही. सिंगापुरात वर्षभर कधीही दुपारी ढग भरून येतात आणि विजांचा धोका दिसला की उघड्यावरच्या राइड थांबवल्या जातात. बॅटलस्टार आणि कॅनोपी फ्लायर ही उघड्यावर चालणारी राइड आहेत, म्हणजे ज्यांच्यासाठी पास घेतला त्यांतलीच काही बंद पडू शकतात. पासाचे पैसे त्यामुळे परत मिळत नाहीत आणि तो दुसऱ्या दिवशी चालतही नाही. म्हणून पास असला तरी उघड्यावरच्या राइड सकाळीच उरकाव्यात. ट्रान्सफॉर्मर्स आणि मम्मी छपराखाली आहेत, त्या दुपारसाठी ठेवाव्यात.

पासाला एक फुकटचा पर्यायही आहे आणि तो फार थोडे जण वापरतात. ट्रान्सफॉर्मर्स, मम्मी आणि बॅटलस्टार या तिन्हींना 'सिंगल रायडर' नावाची स्वतंत्र रांग असते. गाडीत एखादी जागा रिकामी राहिली की या रांगेतला एकटा माणूस तिथे बसवला जातो. शेजारी आपले माणूस बसणार नाही, एवढीच अट. कॉलेजात जाणारी मुले किंवा तरुण जोडपी यांनी हीच रांग धरावी, पासावर खर्च करू नये. दहा वर्षांच्या मुलाला मात्र अनोळखी माणसांमध्ये एकटे बसवणे मला पटत नाही, म्हणून लहान मुलांच्या कुटुंबांना हा मार्ग फारसा उपयोगाचा नाही.

खोपोलीच्या इमॅजिकातही एक्सप्रेस तिकीट मिळत आले आहे आणि बेंगळुरूच्या वंडरलामध्ये 'फास्टट्रॅक' आहे. त्याबद्दल माझे मत वेगळे आहे. मुंबई-पुण्याहून इमॅजिकाला सकाळी निघून रात्री परत येता येते. एखादी राइड राहिली तर पुढच्या वर्षी होईल. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी टाळून मधल्या वारी गेले तर नायट्रो या तिथल्या मोठ्या रोलरकोस्टरसाठीसुद्धा वेगळे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. सिंगापूरला पुन्हा कधी जाणे होईल याची खात्री नसते, तिथल्या एका तासाची किंमत म्हणूनच वेगळी धरावी लागते.

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील ऑर्लँडोच्या डिस्नेला जातात, त्यांच्यापुढचा हिशेब याहून अवघड आहे. तिथे 1999 साली सुरू झालेली 'फास्टपास' ही सोय प्रवेशाच्या तिकिटातच मिळत असे. 2021 मध्ये तिच्या जागी माणशी 15 डॉलरपासूनची सशुल्क सेवा आली आणि 2024 च्या अखेरीस आलेल्या प्रीमियर पासाचे दर तारीख आणि उद्यान यांनुसार दिवसाला माणशी 129 ते 449 डॉलर ठेवले गेले. पूर्वी सर्वांना विनामूल्य मिळणारी गोष्ट काढून घेऊन तीच चढ्या दराने विकणे मला रुचत नाही आणि 449 डॉलर कोणत्याही कुटुंबाने कोणत्याही राइडसाठी देऊ नयेत असे मी आग्रहाने सांगेन. सिंगापूरचे उद्यान जेमतेम 20 हेक्टरचे आहे, एका दिवसात पायी सहज पालथे घालता येते. तिथे इतकी ओढाताण होत नाही.

सहल कंपनीच्या बसने जाणाऱ्यांनी मात्र एक वेगळा हिशेब करावा. उद्यान साधारण सकाळी 10 ला उघडते, पण नाश्ता, हजेरी आणि शहरातले थांबे होऊन बस पोहोचेपर्यंत 11 वाजून जातात आणि संध्याकाळी परतीची वेळही ठरलेली असते. हाती सहाच तास राहत असतील, तर मधल्या वारीसुद्धा मोठ्या मुलांसाठी साधा पास घेणे मला रास्त वाटते. स्वतःच्या स्वतः जाणाऱ्यांनी दार उघडण्याच्या वीस मिनिटे आधी पोहोचावे, बाहेरच्या फिरत्या पृथ्वीगोलासमोरचे फोटो परतताना काढावेत आणि आत शिरल्यावर उजवीकडे वळून न्यूयॉर्क विभागातून सरळ साय-फाय सिटी गाठावी. पहिल्या तासाभरात दोन मोठ्या राइड पदरात पडतात. त्यानंतर फलकांवरचे आकडे पाहावेत: बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासाच्या आतले असतील तर पास नको, तासाच्या वर गेले असतील तर तो आतही विकत मिळतो, अर्थात त्या दिवसाचा साठा शिल्लक असेपर्यंत. नाताळ आणि जूनमधल्या शनिवार-रविवारी मात्र साठ्याच्या भरवशावर न राहता आधीच घेऊन ठेवावा. अनलिमिटेडचा मोह टाळावा. एकाच राइडमध्ये चार-चारदा बसण्याची हौस ज्याला आहे, अशा एखाद्या मुलापुरताच तो पास कामाचा आहे.