क्लासिक ३५० चं हँडल आणि टायर: नागपूरच्या रस्त्यांवर काय चालतं

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं हँडल आणि टायर दोन्ही बदलायचं मनात असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर आधी टायर घ्या. हँडल नंतरही बदलता येतं, पण घासून गोटा झालेल्या मागच्या टायरवर पहिल्या पावसात वर्धा रोडला ब्रेक दाबणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. नियमानुसार दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर हवी. माझं म्हणणं असं की तेवढी उरेपर्यंत थांबूच नका.

हे सगळं २०२१ च्या आधीच्या, तारांच्या चाकांच्या क्लासिक ३५० बद्दल आहे. या गाडीला पुढे ९०/९०-१९ आणि मागे ११०/९०-१८ हे माप येतं (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रुंदीच्या किती टक्के उंची, शेवटचा रिमचा व्यास इंचात). २०२१ च्या नव्या मॉडेलला पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८ आहे. नवीन गाडी भरीव दिसते, म्हणून अनेक जण तीच मापं जुन्या गाडीला मागतात.

मागे १२०/८०-१८ बसायला फारशी अडचण नाही, कायद्याचं शेवटी सांगतो. ११०/९० चा व्यास साधारण ६५५ मिलिमीटर आणि १२०/८० चा ६४९, म्हणजे उंची जवळपास तीच राहते. १३०/८०-१८ मात्र ६६५ वर जातो. टायरवाला म्हणेल, ‘बसतो की भाऊ.’ बसतो, हे खरं. पण अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग गोल फुगतो. सरळ रस्त्यावर टेकणारी जागा वाढण्याऐवजी कमीच होते, गाडी वळताना जड लागते, चेनकव्हरला घासण्याची भीती वेगळीच. नुसत्या दिसण्यापायी हे करू नये.

पुढचं मापही उगाच वाढवू नका. या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या चाकातून आलेल्या वायरवर चालतो. ९०/९० च्या जागी १००/९० लावला की व्यास ६४५ वरून ६६३ च्या आसपास जातो, म्हणजे सुमारे पावणेतीन टक्के फरक. तुम्ही खरोखर साठने जात असाल तेव्हा काटा साठाच्या थोडा खालीच राहील. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ती दोन्ही चाकांच्या फिरण्याची तुलना करत असते, तेव्हा मूळ मापाच्या जवळ राहिलेलंच बरं.

आता नक्षी. बटन टायर, म्हणजे सुट्या जाड ठोकळ्यांचा, फोटोत रुबाबदार दिसतो आणि पावसाळ्यात पारशिवनी, काटोलकडच्या शेतरस्त्यांवर काळ्या मातीत तो खरंच उपयोगी पडतो. पण आपल्या शहरात बहुतेक मोठे रस्ते सिमेंटचे झालेत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की त्या रस्त्यावर बटनांच्या कडा भराभर झिजतात, गाडी घूं घूं करत चालते, आणि ओल्या सिमेंटवर ब्रेक मारताना साध्या रोड टायरइतका भरवसा मिळत नाही. ज्याची महिन्यातून निम्मी फिरस्ती कच्च्या रस्त्याची आहे, त्यानेच बटन घ्यावा. मधला मार्ग म्हणजे रस्ता-कच्चा दोन्हीसाठीची उथळ ठोकळ्यांची नक्षी. रामटेक, खिंडसी, कधीमधी चिखलदऱ्याचा घाट, असं फिरणाऱ्याला ती पुरते. रोज सदर ते हिंगणा आणि परत, एवढंच असेल तर साधा रोड टायर घ्या.

पुढे सरळ उभ्या रेघांचा रिब टायर घेताना एक बघा. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधल्या लांब सांध्यावर किंवा डांबराच्या काठावर रिब टायर त्या फटीच्या दिशेने ओढ घेतो. नवख्याला तिथे हँडल हलल्यासारखं वाटतं. तिरक्या खाचांच्या टायरमध्ये हे कमी होतं. माझी पसंती त्यालाच.

एमआरएफ, सीएट की टीव्हीएस युरोग्रिप, यावर वाद घालण्याआधी टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे वाचा. १८२५ असेल तर तो २०२५ च्या अठराव्या आठवड्यात बनलाय. दुकानाच्या दाराशी उन्हात दोन-तीन वर्षं टांगलेला टायर स्वस्त मिळाला तरी नको. तारांच्या रिमवर ट्यूब लागतेच, म्हणून टायरबरोबर ट्यूब आणि रिमची पट्टी नवीन घ्या आणि चाक उघडलंच आहे तर रिमचा आउट, म्हणजे डगमग, काढून घ्या. हवा सकाळी गार टायरमध्ये तपासा. भर दुपारी पाच-दहा किलोमीटर चालून आल्यावर दाब वाढलेला दिसतो, तेव्हा हवा काढून टाकू नका.

हँडलचं गणित वेगळं आहे. सरळ ड्रॅग बार चपळ दिसतो, पण हात खाली आणि पुढे जातात, अंगाचा भार मनगटांवर येतो. व्हेरायटी चौकातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या गर्दीत, उन्हात, अर्ध्या तासात ते जाणवतं. उंच एप हँगर उलटं करतं: हात खांद्याच्या बरोबरीला, अमरावती रोडवर वेग घेतला की सगळा वारा छातीवर. इतवारी-महालच्या गल्ल्यांत तर फार रुंद कुठलंही हँडल आरसे अडकवतं. थोडं वर आणि थोडं मागे वळलेलं टुरिंग हँडल मला सगळ्यांत कामाचं वाटतं. पाठ सरळ राहते, कोपर जरा वाकलेलं राहतं.

हँडलची नळी स्वस्त असते, खर्च तिच्या मागून येतो. उंच हँडलला क्लच वायर, एक्सलेटर वायर, ब्रेकची होज (तेलाची नळी) आणि स्विचच्या वायरी, सगळं लांब लागतं. मुठीकडचा व्यास २२ मिलिमीटरच हवा, आणि स्विचच्या खुंटीसाठी भोक आधीच पाडलेलं आहे का तेही विचारा.

बसवून झाल्यावर मिस्त्रीसमोरच हे करा: गाडी स्टँडवर, इंजिन चालू, न्यूट्रल. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. कुठल्याही टोकाला इंजिनाचा आवाज चढला तर एक्सलेटरची वायर ताणली जातेय. बोटं मूठ आणि टाकीच्या मध्ये चेपत असतील तर हँडल पुन्हा जुळवा. ब्रेकची होज ताठ झालेली दिसली तर गाडी तिथून हलवूच नका.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाहीत. म्हणून मूळ मापाचा टायर आणि शक्यतो कंपनीच्याच अ‍ॅक्सेसरीतलं हँडल घ्या, बिलं ठेवा, जुनं हँडल भंगारात देऊ नका.

नवीन टायर गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी झोपवू नका, जोराने ब्रेक मारू नका. तेवढं चालल्यावर हँडलचे बोल्ट आणि चाकाच्या तारा एकदा पुन्हा कसून घ्या.