गाजर की पालक?

थंडीत इंदूरच्या चोइथराम मंडीतून पिशवी आली की आमच्याकडे वाद ठरलेला: आईचं मत गाजराची कोशिंबीर, माझं पालकाची ताकातली भाजी.

नुसतं बीटा कॅरोटीन, म्हणजे शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते केशरी रंगद्रव्य, मोजलं तर आई जिंकते. १०० ग्रॅम कच्च्या केशरी गाजरात ते साधारण ८ मिलिग्रॅम, पालकात साडेपाचच्या आसपास. मंडीतलं लाल गाजर थोडं वेगळं. त्याचा रंग लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोचाच. पण ल्युटीन? डोळ्याच्या पडद्यावरच्या पिवळ्या ठिपक्यात साठणारं हे द्रव्य पालकात १२ मिलिग्रॅमपर्यंत भरतं, गाजरात एक मिलिग्रॅमही नाही. हिरवेपणाखाली पिवळा रंग झाकलेला असतो, एवढंच.

खरी मेख पोटात जाण्यात आहे. कॅरोटिनॉइड्स, म्हणजे वरची ही सगळी रंगद्रव्यं, स्निग्धात विरघळतात, आणि कच्च्या भाजीच्या पेशी ती सहज सोडत नाहीत. किसणं, शिजवणं, तेल, सगळ्याचा उपयोग होतो. त्यामुळे दाण्याचं कूट आणि फोडणी घातलेली आईची कोशिंबीर नुसत्या कुरतडलेल्या गाजरापेक्षा कितीतरी सरस, हे मला मान्य करावंच लागलं. माझ्या भाजीत पालक शिजलेला, वर लसणाची फोडणी. तरी पानातलं बीटा कॅरोटीन गाजरापेक्षा चिवटच.

मी पालकावरच ठाम आहे. गाजर हलव्याला ठेवा, तूपही आयतंच मिळेल.