सिंगापूर की हाँगकाँग? थीम पार्कच्या खर्चाचा हिशेब

आधी मुलांचं वय बघा. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये 4 ते 12 वर्षांपर्यंत मुलांचं तिकीट, हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये 3 ते 11. म्हणजे तीन वर्षांचं पिल्लू सिंगापुरात फुकट, हाँगकाँगला तिकीट. आणि बारा वर्षांच्या मुलाला हाँगकाँगमध्ये मोठ्यांचं तिकीट पडतं.

व्हिसाचं उलटं आहे. सिंगापूरला माणशी 30 सिंगापूर डॉलर शुल्क, वर एजंटचे पैसे. हाँगकाँगला 14 दिवसांपर्यंतच्या सहलीसाठी भारतीय पासपोर्टवर ऑनलाइन पूर्वनोंदणी, तीही मोफत. मात्र नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच भरा. एका अक्षराच्या चुकीपायी विमानतळावर अडकायला होतं.

उंचीही घरीच मोजा, भिंतीला उभं करून, बुटांशिवाय. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमधल्या ट्रान्सफॉर्मर्स राइडला किमान 102 सेंटीमीटर लागतात, बॅटलस्टार गॅलॅक्टिका या रोलर कोस्टरला 125. उंची भरत नसेल, तर रांग टाळणाऱ्या महागड्या एक्स्प्रेस पासचे पैसे निम्मे वाया जातात.

पाचाच्या आतलं मूल असेल, तर आमचं मत डिस्नेलँडला. शाकाहारी घरासाठी सिंगापूर सोपं: संध्याकाळी लिटल इंडियात डोसा-भात स्वस्तात मिळतो.