पन्हाळा–पावनखिंडीच्या वाटेवर पोंचो: पठारावर त्रास, जंगलात आराम

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड ही सुमारे ५० किलोमीटरची वाट चालायची, तर पाऊस लागेल का हे विचारण्यात अर्थ नाही. तो वरून येणार की आडवा, एवढंच बघायचं. हे परीक्षण पोंचोचं, म्हणजे डोक्यातून घालायच्या बिनबाह्यांच्या पावसाळी झग्याचं: सॅकसकट अंगावर येणारा, नायलॉनचा, आतून पीयू (पॉलियुरेथेन) हा पाणी अडवणारा लेप दिलेला. वजन ३०० ते ४०० ग्रॅम. पातळ प्लॅस्टिकचा स्वस्त पोंचो घेऊच नका, करवंदीच्या पहिल्या जाळीत त्याच्या चिंध्या होतात.

म्हाळुंगे मागे पडलं की मसाई पठार. जांभ्याचा उघडा माळ, आडोसा शून्य, आणि पश्चिमेचा वारा थेट तोंडावर. पोंचो इथे नापास होतो. पुढचा पदर उडून चेहऱ्यावर येतो, बाजूची चटक बटणं पटापट सुटतात. यावर इलाज आहे: पुढचा पदर सॅकच्या कंबरपट्ट्याखाली दाबायचा, मागचा सॅकवरून मोकळा सोडायचा आणि त्याची खालची टोकं दोरीने पोटापाशी बांधायची. टोपडं डोळ्यांवर घसरतं. धुक्यात आधीच पन्नास पावलांपुढचं दिसत नसताना हे परवडत नाही. आत झाप असलेली टोपी घाला; मान वळली की टोपडंही वळतं.

कुंभारवाडी, खोतवाडीच्या पुढे भातलावणीचा चिखल. उतारावर पोंचोच्या घेरामुळे पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही, म्हणून पुढच्या पदराला गुडघ्याच्या वर गाठ मारायची. ओढ्यात उतरण्याआधी मात्र पोंचो काढाच. फुगलेला घेर पाण्याच्या ओढीत सापडला तर माणूस आडवा होतो. सॅकचा पट्टाही सोडून ठेवावा. पाणी गढूळ, वेगवान आणि गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. डोंगरातले लहान ओढे पाऊस ओसरला की लवकर उतरतात.

जंगलात पोंचोचं खरं सुख कळतं. वारा पडलेला असतो, हवा दमट, वरून नुसती टपटप. बंद रेनकोटात माणूस घामानेच भिजतो. पोंचोत दोन्ही बाजूंनी हवा खेळते. कोपरापुढचे हात भिजणारच, काठी धरली की जास्तच. ते सोसायचं.

सॅक कोरडी ठेवण्याचं काम पोंचोवर सोपवू नका. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधा.

विकत घेताना शिवणीवर आतून टेप आहे का ते बघा. घरी आणल्यावर खांद्याचा भाग खोलगट धरून लिटरभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटं थांबा. बहुतेकदा शिवणीच्या टाक्यातूनच थेंब येतो. ओला पोंचो घडी करून ठेवला तर लेप चिकट होऊन सालपटासारखा सुटतो, सावलीत वाळवा. दुकानात आतून अंगठा घासून चिकट लागला, तर माल जुना आहे, परत ठेवा.