वॉल्ट्झ विथ बशीर: आम्ही दोघांनी मिळून पाहिलेला सिनेमा

पिवळ्या आभाळाखाली २६ कुत्री पिसाळल्यासारखी धावत येतात आणि एका घराखाली गुरगुरत थांबतात. सिनेमा इथूनच सुरू होतो. हे बोआझ नावाच्या माजी इस्रायली सैनिकाचं स्वप्न. १९८२ च्या लेबनॉन युद्धात त्याच्या हातून माणसावर गोळी सुटणार नाही हे सोबत्यांना ठाऊक होतं, म्हणून भुंकून गाव जागं करणारी कुत्री मारायचं काम त्याला दिलं. वीस वर्षं उलटली तरी एकेक कुत्रं त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

दिग्दर्शक आरी फोलमन तेव्हा १९ वर्षांचा, इस्रायली सैन्यात, बैरूतमध्येच होता. त्याला मात्र काहीच आठवत नाही. मग तो जुन्या सोबत्यांना गाठून विचारत सुटतो. त्या मुलाखती आधी चित्रित केल्या आणि मग सगळं नव्याने रेखाटलं. माहितीपट आणि तोही चित्रांचा, हे मला आधी पटलं नव्हतं. पण स्वप्नं, भास, अर्धवट आठवणी दाखवायच्या तर कॅमेरा कुठे लावणार? समुद्रातून सैनिक पोरं नागडी हळूहळू वर येतात आणि आकाशात प्रकाशगोळे तरंगत असतात, ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांत आहे. मॅक्स रिक्टरचं संगीत तिथे काळीज पिळतं.

एक मानसतज्ज्ञ बाई एका सैनिकाची हकिगत सांगतात. फोटोंचा नाद असलेला हा मुलगा सगळं युद्ध मनातल्या कॅमेऱ्यातून बघत होता, म्हणून तगला. बैरूतच्या रेसकोर्सवर मेलेले, तडफडणारे अरबी घोडे दिसले आणि तो कॅमेरा बंद पडला. इथे आमचे हे उठून उभे राहिले. "थांबव जरा," म्हणाले. १९९९ साली ते द्रासला खेचरांच्या तुकडीत होते. खिडकीपाशी बराच वेळ उभे राहून त्यांनी एका खेचराचा नंबर सांगितला, फक्त नंबर. इतक्या वर्षांच्या संसारात तो मी पहिल्यांदा ऐकला. मग म्हणाले, "लाव पुढचं."

एक गोष्ट मला सलली. बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत १६ ते १८ सप्टेंबरला फालांजिस्टांनी, म्हणजे लेबनॉनमधल्या ख्रिस्ती सशस्त्र गटाने, कत्तल केली, आणि त्यांना उजेड मिळावा म्हणून प्रकाशगोळे सोडले इस्रायली सैन्याने. सिनेमा हे लपवत नाही. पण जे मेले त्यांच्या घरच्यांना जवळपास शेवटपर्यंत बोलायलाच मिळत नाही. अखेरीस चित्रं संपतात आणि छावणीतल्या बायकांचा टाहो खऱ्या चित्रफितीतून समोर येतो. तेव्हा श्वास अडकला.

सिनेमा २००८ चा, दीड तासाचा, हिब्रू भाषेतला. सबटायटल्स लावून बघा. मुलांना बरोबर बसवू नका, काही दृश्यं फार उघडी आहेत. घरात कुणी फौजेतून आलेलं असेल तर त्यांना आधी विचारा, आणि रिमोट त्यांच्याच हातात द्या.