डेटा एकत्र करायचा की फक्त मॉडेल द्यायचं?

दोन-तीन मित्रदेशांनी मिळून लक्ष्य ओळखणारं एआय बनवायचं ठरवलं की पहिला वाद हाच. सगळ्यांची चित्रं एका ठिकाणी ओतायची, की ज्याने-त्याने घरीच मॉडेल ट्रेन करून तेवढंच पुढे द्यायचं?

कागदावर एकत्र डेटा सरस. वाळवंट, बर्फ, झाडी सगळं एकाच संचात, चाचणीही एकच. लेबलांचा घोळ होतो: एकाचं ‘बीएमपी’ (सैनिक वाहून नेणारं रशियन लढाऊ वाहन), दुसऱ्याचं ‘चिलखती वाहन’, तिसऱ्याचं नुसतंच ‘पट्ट्यांवरचं वाहन’. पण हे चार दिवस बसून जुळवता येतं. घोडं अडतं ते गोपनीयतेच्या शिक्क्यावर. मिश्र संचाला त्यातल्या सर्वांत कडक फाइलचा शिक्का लागतो. दहा हजार चित्रांत अमेरिकेची ‘परकीयांना देऊ नये’ शेऱ्याची चारच असली, तरी अख्खा संच ब्रिटन-ऑस्ट्रेलियाला बंद. ती चार मागाहून काढली तरी त्यांवर ट्रेन झालेल्या मॉडेलचं काय? बहुधा पहिल्यापासून सुरुवात. शिक्का उतरवायला मूळ मालकाची सही लागते, तीही नव्या खेपेला नव्याने. माझं मत फिरलं ते इथेच.

एप्रिल २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या अपाव्हनला ऑकसच्या (ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका यांचा संरक्षण करार) तिन्ही देशांनी दुसरी वाट, म्हणजे मॉडेल देण्याची, चालून पाहिली: ड्रोन हवेत असतानाच मॉडेल पुन्हा ट्रेन केलं, आपसात बदललंही.

तीही वाट सरळ नाही. थर्मल कॅमेऱ्याचं १४ बिटांचं चित्र ८ बिटांवर आणताना एक देश नुसतं किमान-कमाल ताणतो (सर्वांत गडद ते सर्वांत उजळ सरळ बसवतो), दुसरा हिस्टोग्राम समतल करतो (छटा सारख्या पसरवतो). मग तेच मॉडेल शेजाऱ्याकडे रणगाड्याला ओळखेनासं होतं. म्हणून मॉडेलसोबत चित्र-प्रक्रियेचा कोड, लेबलांची यादी आणि कुठे चुकतं त्याची नोंद मागून घ्यावी. नव्या भूभागावर ट्रेन केलं की जुनं विसरतं, तेव्हा आधीची चाचणी पुन्हा चालवावी. चाचणीचा संच मात्र आपलाच, कुणाला न दिलेला. निर्यात परवान्यातून सुटका इथेही नाही. अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात नियमांतून ऑकसला १ सप्टेंबर २०२४ पासून सूट आहे खरी, पण वगळलेल्या तंत्रज्ञानाची यादी तिला जोडलेलीच आहे.

तरी मी मॉडेल देण्याच्याच बाजूने झुकेन. अपवाद पाणबुडी शोधण्याचा: तिन्ही देश पी-८ए हेच सागरी गस्तीचं विमान उडवतात, सोनोबॉयचा (पाण्यात टाकून आवाज टिपणारं उपकरण) डेटा बराचसा एका साच्यातला. तिथे सह्यांची कटकट सोसूनही डेटा एकत्र करणं परवडावं.